खंडेनवमीची पूजा आणि वर्षभराची सुरक्षा



माजलगाव तालुक्यातील दिंद्रुड हा परिसर पांढऱ्या सोन्याचा. कापसातून सरकी निघाली की रुई होते आणि त्या रुईची गादी, उशी, लोड, तक्क्या होऊन ती घरोघरी जाते. लेकीच्या लग्नात गादी देण्याची रीत आजही टिकून आहे. ज्या गादीवर कुटुंब निश्चिंत निजते, ती भरणाऱ्या हातांची चिंता कोण वाहतो, हा आजच्या विचाराचा विषय आहे.

पूर्वी पिंजारी खांद्यावर पिंजण घेऊन दारोदार फिरे. आता त्याची जागा विजेवरच्या यंत्राने घेतली आहे. कामाचा वेग वाढला, तसा धोकाही वाढला. सैल बाही, पदर वा उपरणे दातेरी रुळात सापडले की पाठोपाठ हात जातो. जुनी गादी उसवून पिंजताना तिच्यात राहिलेली सुई वा खिळा रुळाला घासला, तर ठिणगी उडते. मोकळ्या रुईत आग पसरायला वेळ लागत नाही. फोम जळताना निघणाऱ्या धुरात कार्बन मोनॉक्साइडसारखे प्राणघातक वायू असतात.

तिसरा शत्रू डोळ्यांना सहसा दिसत नाही. कापसाच्या बारीक धुळीने ‘बिसिनोसिस’ हा फुप्फुसांचा आजार जडतो. सुट्टीनंतर कामाच्या पहिल्याच दिवशी छाती आवळते, खोकला येतो, दम लागतो. आरंभी धुळीपासून दूर गेल्यास आराम पडतो. पण वर्षानुवर्षे दुर्लक्ष झाल्यास हानी कायमची होते. ‘हवा बदलली असेल’ म्हणून हे लक्षण टाळणे महागात पडते.

आपल्या देशात कामगार भरपाईचा कायदा १९२३ साली झाला आणि १ जुलै १९२४ पासून अमलात आला. त्या काळी केंद्रीय विधिमंडळात कामगारांची बाजू मांडणाऱ्यांत ना. म. जोशी हे मराठी नाव अग्रभागी होते. २१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० लागू झाली आणि हा जुना कायदा तिच्यात सामावला गेला. तत्त्व मात्र तेच राहिले: काम करीत असताना कामामुळे इजा झाली, तर भरपाईचे दायित्व मालकाचे. कापसाच्या धुळीने होणारा आजारही व्यवसायजन्य रोगांच्या यादीत आहे.

एक हिशेब पाहावा. महिना १२,००० रुपये वेतन घेणाऱ्या तीस वर्षांच्या कामगाराचा अपघाती मृत्यू झाला, तर वेतनाचा निम्मा भाग, म्हणजे ६,००० रुपये, गुणिले वयानुसार ठरलेला २०७.९८ हा गुणांक. ही रक्कम होते १२,४७,८८० रुपये. लहान कारखानदाराचे अवघे भांडवल एका दिवसात संपावे, असा हा आकडा आहे. सबळ कारणाविना विलंब केल्यास व्याज आणि दंड वेगळाच.

म्हणूनच विमा हवा. हप्ता वार्षिक वेतनाची बेरीज आणि कामाचा धोका यांवरून ठरतो. हप्ता वाचविण्यासाठी चार कामगार कमी दाखविणारा मालक आपल्याच पायावर धोंडा पाडून घेतो. कर्मचारी राज्य विमा लागू असेल, तेथे लाभ त्यातून मिळतात. याशिवाय प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेत वर्षाला २० रुपयांत दोन लाखांचे अपघाती संरक्षण मिळते. मात्र त्याने मालकाचे दायित्व संपत नाही. आणखी एक गोष्ट घरोघरी माहीत असावी. मृत्यूच्या प्रकरणात चार प्रतिष्ठितांसमोर विधवेच्या हाती काही रक्कम ठेवून प्रकरण मिटत नाही; भरपाई सक्षम अधिकाऱ्याकडेच जमा करावी लागते.

तथापि, पैशाने हात परत येत नाही. रुळावर आणि पट्ट्यावर जाळी, हाताशी बंद करण्याचे बटण, पिंजण्यापूर्वी लोखंड टिपणारे चुंबक, धूळ ओढणारा पंखा, तोंडावर योग्य मास्क, दाराशी अग्निशामक आणि कारखान्यात विडीला मज्जाव, एवढे तरी हवेच. कामगारानेही घाईत जाळी काढू नये.

खंडेनवमीला आपण यंत्राला हळदकुंकू वाहतो, झेंडूची माळ घालतो. ती पूजा मनापासूनची असेल, तर उरलेले वर्षभर त्या यंत्राजवळ उभ्या असलेल्या माणसाची काळजी घेणे, हाच तिचा खरा प्रसाद होय.