मधल्या पानांचं काय करायचं?

(सिंगापूरमधील टॅम्पिनीस येथील मराठी रहिवाशांच्या वासंतिक व्याख्यानमालेतील व्याख्यान)



न्यायमूर्ती रानड्यांच्या पुढाकारानं १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू झाली आणि वसंत आला की व्याख्यान ऐकायचं, ही सवय मराठी माणसाला लागली. विषुववृत्तापासून जेमतेम दीड अंशावर राहणाऱ्या आपल्याकडे वसंत येतो कुठून, हे संयोजकांना विचारायचं नाही असं मी ठरवून आलो आहे. पण दोन वारे इथे नेमानं येतात. डिसेंबर ते मार्च ईशान्येचा आणि जून ते सप्टेंबर नैऋत्येचा. शिडाच्या जहाजांच्या काळात ज्या वाऱ्यानं आलात त्याच वाऱ्यानं परत जाता येत नसे. वारा फिरेपर्यंत बंदरात मुक्काम. मलाक्का काय, पुढे सिंगापूर काय, ही बंदरं या सक्तीच्या मुक्कामांवर पोसली गेली. मी सध्या पत्त्यांचा जो खेळ रचतो आहे, तो या वाऱ्यांचा आहे.

खेळ थोडक्यात सांगतो. तीन खेळाडू. चार रंग: मिरी, लवंग, कापड आणि कथील. प्रत्येक रंगात एक ते बारा, म्हणजे अठ्ठेचाळीस पानं, वाटणीला सोळा-सोळा. एकानं उतारी करायची, बाकीच्यांनी त्या रंगाचं पान द्यायचं, नसेल तर दुसरं कुठलंही टाकायचं. हुकूम नाही. टेबलावर मधोमध वाऱ्याचं एक पान उघडं असतं. नैऋत्येची बाजू वर असेल तर मोठं पान हात जिंकतं, ईशान्येची असेल तर लहान. डाव चालू असताना वारा फिरवता येतो.

ही उलटापालट माझ्या डोक्यातून आलेली नाही, सावंतवाडीहून आली आहे. सावंतवाडीची गंजिफा आपल्यापैकी बऱ्याच जणांनी शोकेसमध्ये पाहिली असेल. गोल, लाखेनं चकाकणारी, दशावतारांची चित्रं असलेली. ही कला मरायला टेकली होती, तेव्हा शिवरामराजे भोसले आणि सत्त्वशीलादेवी यांनी राजवाड्यात चित्रकारांना बसवून ती पुन्हा उभी केली. चित्रांचं कौतुक सगळे करतात, खेळाचं फारसं कोणी करत नाही, आणि याचं मला वाईट वाटतं, कारण रचना म्हणून ती फार हुशार वस्तू आहे. दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकात राजा, प्रधान आणि एक ते दहा, अशी एकशेवीस पानं. तिघांत वाटली की चाळीस-चाळीस. निम्म्या रंगांत राजा-प्रधानाखाली दहा मोठा, उरलेल्या निम्म्यांत एक्का मोठा. दिवसा खेळत असाल तर रामाचा राजा ज्याच्याकडे त्याची उतारी, रात्री कृष्णाचा राजा ज्याच्याकडे त्याची. हुकूम नसल्यामुळे सगळा भार स्मरणशक्तीवर. कोणतं पान गेलं, कोणतं राहिलं, हे शेवटपर्यंत डोक्यात ठेवायचं.

गंजिफेत उलटा क्रम रंगाला बांधलेला आहे, डावात तो बदलत नाही. मी तो सुटा केला, वाऱ्यावर सोडला. कागदावर हे फार छान दिसत होतं. कच्चा कॅट केला. जुन्या पत्त्यांना प्लास्टिकची पाकिटं घातली, आत छापलेल्या चिठ्ठ्या सरकवल्या. नव्या खेळावर यापेक्षा जास्त खर्च सुरुवातीला कोणी करू नये. चित्रं तर मुळीच काढून घेऊ नयेत. देखणं पान फाडून टाकायला हात धजत नाही.

मग चाचणीचे डाव सुरू झाले, आणि खोट दिसली. हिशेब करून बघा. बाराचं पान एका वाऱ्यात अजिंक्य, दुसऱ्यात कुचकामी. एकच्या पानाचं उलट. म्हणजे टोकाची पानं योग्य वेळेसाठी राखून ठेवता येतात. आणि सहा? मोठा वारा असो की लहान, दोन्ही प्रतिस्पर्ध्यांची पानं त्याच्यापेक्षा हलकी निघायला हवीत, म्हणजे ढोबळमानानं चारांत एकदा. वारा कितीही फिरवा, सहा आणि सातचं नशीब फिरत नाही. ज्याच्या हातात मधली पानं जास्त आली तो वाटप झाल्या झाल्या हरलेला. तो जांभया देऊ लागतो, मोबाइल काढतो. खेळाची परीक्षा घ्यायची असेल तर जिंकणाऱ्याकडे बघू नका, हरणारा कुठल्या क्षणी मोबाइल काढतो ते बघा.

उपाय मेंढीकोटानं दिला. मेंढीकोटात दश्शी काही मोठं पान नाही. गुलाम, राणी, राजा, एक्का, चौघंही तिला खातात. तरीही सगळा डाव चार दश्श्यांसाठी. हात जिंकण्याची ताकद एका पानात आणि ज्यासाठी जिंकायचं ती किंमत दुसऱ्यातच, ही फारकत ज्या कोणी अनाम माणसानं पहिल्यांदा केली त्याला मी मनातल्या मनात रोज नमस्कार करतो. मी सहा आणि सात या आठ पानांना माल ठरवलं. गुण फक्त त्यांचे. टोकाची पानं म्हणजे जहाजं. आता मधली पानं हातात आली की जांभई येत नाही, घाम येतो, कारण ती स्वतःची स्वतःला वाचवता येत नाहीत आणि समोरचे दोघं त्यांच्या मागावर असतात.

दुसरा प्रश्न वारा कोणी फिरवायचा. हात जिंकणाऱ्यानं, असा पहिला नियम होता. पण जो जिंकतोय तो आपल्या सोयीचा वारा फिरवेल कशाला? वारा पडून राहिला. आता ज्याचे हात सगळ्यात कमी, त्याला तो अधिकार. बरोबरी असेल तर वारा आहे तसा. यावर आमच्या इमारतीतल्या एका चिनी आजोबांनी लगेच तोड काढली. ते मुद्दाम मागे राहिले, वारा मुठीत ठेवला, आणि शेवटच्या काही हातांत माल गोळा केला. माझ्या शेजारी बसलेला मुलगा म्हणाला, ही फसवणूक आहे, नियम बदला. मी बदलला नाही. फार काळ मागे राहिलं तर माल दुसरेच घेऊन जातात. धोका पत्करून केलेली चलाखी खेळात राहावी, फुकटची जावी, असं माझं मत आहे.

हे आजोबा मला इथे मिळाले, पुण्यात मिळाले नसते. १९८९पासून इथल्या सरकारी वसाहतींत प्रत्येक इमारतीत चिनी, मलय, भारतीय कुटुंबांचं प्रमाण ठरलेलं असतं. त्या धोरणाच्या बऱ्यावाईटावर स्वतंत्र व्याख्यान होईल. पत्त्यांचा खेळ तपासणाऱ्याला मात्र ती मेजवानीच, कारण प्रत्येकाच्या हातांना वेगळी सवय असते. इथले चिनी शेजारी ‘दाई दी’ खेळत मोठे झाले. त्यात दुर्री सगळ्यात वरचढ आणि तिर्री सगळ्यात खालची. त्यामुळे लहान पान जिंकतं हे त्यांना सांगावं लागत नाही. मेंढीकोटावर वाढलेल्या आपल्या काकू मात्र वारा फिरला तरी बारा आपटतात आणि वर आपल्यालाच विचारतात, ‘हात माझा ना?’ हा दोष काकूंचा नाही, वाऱ्याचं पान फार लहान होतं. ते आता दुप्पट मोठं केलं आहे.

आम्ही खाली व्हॉइड डेकमध्ये, म्हणजे इमारतीच्या मोकळ्या तळमजल्यावर, दगडी टेबलावर बसतो. पत्ते दिसले की येणारे-जाणारे थबकतात. २०२२च्या जुगार नियंत्रण कायद्यानं घरात, आप्तमित्रांत पैसे लावायला मुभा आहे, सार्वजनिक जागी नाही. म्हणून टेबलावर गुणांची वही उघडी ठेवतो, शंकाच नको.

सगळ्यात अवघड चाचणी मी मुका डाव म्हणतो. नियमांचा कागद अनोळखी तिघांच्या हातात द्यायचा आणि आपण तोंड मिटून बसायचं. मराठी माणसाला, त्यातून व्याख्यात्याला, ही शिक्षाच आहे. पण उद्या खेळ विकत घेणाऱ्याच्या घरी तुम्ही समजावायला जाणार नाही आहात. रिचर्ड गारफील्ड पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात गणित शिकत असताना झेरॉक्स केलेल्या पानांवर मित्रांकडून एक खेळ तपासून घेत होते. तोच १९९३च्या ऑगस्टमध्ये ‘मॅजिक: द गॅदरिंग’ म्हणून बाजारात आला. त्यातल्या एका पानाचा अर्थ एवढाच होता की प्रतिस्पर्ध्याची पुढची पाळी जाते. इंग्रजी वाक्य असं पडलं की एका खेळाडूला वाटलं, हे पान टाकलं की पुढच्या पाळीला समोरचा हरतोच. मराठीत ‘प्रतिस्पर्धी पुढच्या पाळीला बाद’ असं लिहिलंत तर हाच घोटाळा होईल. बाद कशातून, पाळीतून की खेळातून? लेखकाला असे प्रश्न पडत नाहीत, कारण त्याला उत्तर आधीच ठाऊक असतं.

घरच्यांवर तपासणी थांबवू नका, हेही सांगतो. ‘छान आहे हो’ यापलीकडे घरची माणसं जात नाहीत. खेळ आवडला का, हे विचारूच नये. कुठलं पान कधी टाकलंत आणि का, हे विचारावं. उत्तर देताना माणूस घुटमळला तर तिथे निवड करायला काही नव्हतं असं समजावं.

काढून टाकलेल्या गोष्टी बऱ्याच आहेत. इथल्या सिंगापुरी ब्रिजमध्ये बोली जिंकणारा एखाद्या पानाचं नाव घेतो आणि ते ज्याच्याकडे असेल तो त्याचा गुप्त जोडीदार होतो. हे इतकं गोड आहे की मी चौथा खेळाडू घालून ते बसवायला निघालो होतो. पण गुप्त जोडीदार आणि फिरता वारा एका डावात मावेनात. गेलं. तुफानाचं पान मुलांना फार आवडायचं, पण एका फटक्यात सगळा बेत उधळायचा. तेही गेलं. मुलं अजून रुसलेली आहेत.

नवे खेळ आपल्याकडे होत नाहीत असं नाही. मुंबईच्या झैन मेमन यांचा राजकारणावरचा ‘शासन’ परदेशांतही खेळला जातो. इथे टॅम्पिनीसमध्येच टेमासेक पॉलिटेक्निकमध्ये खेळरचना शिकवतात, तिथे मुलांना पाठवा. पण शिकण्यासारखं घरीही बरंच आहे. मेंढीकोटात बंद हुकूम, कट हुकूम असे प्रकार आहेत, शिवाय घराघरांत झब्बूचे, तीनशेचारचे निराळे नियम आहेत. ते कुणीतरी खेळता खेळता तपासूनच ठरवलेले आहेत, आणि बहुतेक कुठे लिहिलेले नाहीत. सुट्टीत गावी जाल तेव्हा आजीकडून ते लिहून घ्या. त्यातला एखादा नियम तुमच्या खेळाची खोट काढून टाकेल.

जाताना दाराशी कच्चे कॅट आणि नियमांचं एक पानी पत्रक ठेवलं आहे, ते घेऊन जा. घरी तिघं मिळून खेळा. अडलात तर कृपा करून मला फोन करू नका. पत्रकाच्या कोणत्या ओळीवर अडलात, तेवढी ओळ अधोरेखित करून पत्रक परत पाठवा.