ठाण्याचा नकाशा आपणही बघू या
(महिला मंडळांच्या बैठकीत केलेले भाषण)



विषय ऐकून काहीजणी हसल्या. पोलीस ठाण्याच्या इमारतीशी बायकांच्या चळवळीचा काय संबंध? संबंध जुना आहे. 1972 साली देसाईगंजच्या ठाण्यात नातेवाइकांना बाहेर काढून एका आदिवासी मुलीला पोलिसाने मागच्या संडासात नेले. मथुरा प्रकरण आपल्याला पाठ आहे. 1978 चा निकाल, 1979 चे खुले पत्र, 1983 ची कायदा दुरुस्ती. कायद्यावर आपण खूप भांडलो. त्या मागच्या संडासाबद्दल फारसे बोललो नाही.

मुंबईत क्रॉफर्ड मार्केटसमोरचे पोलीस मुख्यालय 1896 चे. त्या काळी पोलीस म्हणजे पुरुषच. पुढे 1994 च्या महिला धोरणाने सरकारी नोकऱ्यांत 30 टक्के जागा दिल्या, मुली भरती झाल्या. जुन्या ठाण्यांच्या भिंती मात्र होत्या तशाच राहिल्या.

वस्तीतल्या एका बाईला घेऊन मी अशाच एका ठाण्यात गेले होते. पाऊस होता, छत गळत होते, खाली बादली. बाक एकच. त्यावर तिचा नवरा आधीच येऊन बसलेला. टेबल पॅसेजमध्ये. हवालदार म्हणाले, "मोठ्याने सांगा, ऐकू येत नाही." ती म्हणाली, "पडले, म्हणून लागलं." झाली तक्रार! निघताना मी संडास विचारला, तर महिला शिपायाने समोरचे हॉटेल दाखवले. "मीपण तिथंच जाते, ताई. ड्युटीवर पाणीच कमी पिते."

आता अशी मोडकळीला आलेली ठाणी, अग्निशमन केंद्रे पाडून नवी बांधली जातात. नकाशात साहेबांची केबिन असतेच. बाईने बोलायची खोली कुठे? तिला दार आहे का? संडास उजेडात, येण्याजाण्याच्या वाटेवर आहे का? आगीच्या बंबावर काम करणाऱ्या मुलींनी कपडे कुठे बदलायचे? सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2020 मध्ये सांगितले, की ठाण्याच्या दारात, कोठडीत, पॅसेजमध्ये, मागच्या बाजूला आणि संडासाच्या बाहेर कॅमेरे हवेत. बाहेर, आत नव्हे, हे मुद्दाम लक्षात ठेवा. आणि बांधकाम चालू असताना ठाणे तात्पुरते कुठे हलवणार? रात्री अकराला मार खाल्लेली बाई तिथे पायी पोचेल का?

आपल्यातलीच एक म्हणते, नव्या फरशीने पोलीस सुधारतात का? नाही सुधारत. 'महिला कक्षा'त जप्तीचा माल कोंबलेला मी पाहिलाय. तरी मला वाटते, त्या दिवशी नवऱ्याच्या कानाआड बसायला मिळाले असते, तर ती पडले म्हणाली नसती.

नकाशा मागता येतो. माहिती अधिकाराचा अर्ज, 10 रुपये फी. बांधकाम खात्याकडे आहे, की पोलीस गृहनिर्माण महामंडळाकडे, ते आधी ठाण्यातच विचारायचे. अर्जाचा मसुदा मी आणलाय. चहा घेता घेता वाचा, आणि काय राहिले ते त्यावरच लिहा.