पाकिटातले तयार अन्न आणि आपले स्वयंपाकघर

(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक संमेलनात केलेल्या भाषणाचा लिखित पाठ)



मंडळाच्या चिटणिसांनी या वर्षी आम्हांस जो विषय नेमून दिला, तो पाहून प्रथम आम्ही थोडे संकोचलो. शिष्यवृत्त्या, वसतिगृह, वधूवर-सूचक शाखा हे आपल्या व्यासपीठाचे नेहमीचे विषय. त्यांच्या पंक्तीस पाकिटातल्या तयार अन्नाने आणि ते दोन मिनिटांत ऊन करून देणाऱ्या मायक्रोवेव्हने येऊन बसावे, हे जरा विचित्रच. परंतु गेल्या संमेलनात जेवणाच्या वेळी याच विषयावरून दोन पिढ्यांत जी चकमक झडली, ती ज्यांनी ऐकली असेल त्यांना चिटणिसांची निवड योग्यच वाटेल. एका बाजूस ‘हल्लीच्या मुलींना स्वयंपाकाचा कंटाळा’ हा जुनाच आरोप, तर दुसऱ्या बाजूस ‘आपण कधी ओट्यापाशी उभे राहिला होता काय?’ हा रोखठोक सवाल. दोन्ही पक्षांचा आवेश मोठा होता. पाकिटावर काय छापले आहे, हे मात्र कोणीच वाचलेले दिसले नाही.

ही वस्तू मुळात घराघरासाठी निघालेली नाही. अन्न हवाबंद करून उकळत्या पाण्यात ठेवले म्हणजे ते टिकते, हे फ्रान्समधील निकोला आपेर नावाच्या हलवायाने दाखविले व १८१० साली तेथील सरकारने त्यास १२,००० फ्रँकांचे पारितोषिक दिले. त्या सरकारला चिंता होती ती आपल्या सैन्याच्या पोटाची. आपल्या देशातही १९६१ साली म्हैसूर येथे स्थापन झालेल्या संरक्षण अन्न संशोधन प्रयोगशाळेने जवानांसाठी अशी पाकिटे सिद्ध केली आणि ती विद्या पुढे खाजगी कारखानदारांच्या हाती आली. मायक्रोवेव्हचे मूळही युद्धातच सापडते. १९४५ साली अमेरिकेतील रेथिऑन कंपनीत रडारच्या यंत्रावर काम करीत असता पर्सी स्पेन्सर यांच्या खिशातील चॉकलेट वितळले, अशी कथा सांगतात. १९४७ साली बाजारात आलेले पहिले यंत्र माणसाएवढे उंच आणि ३०० किलोंहून जड होते. ओट्यावर मावेल असे यंत्र १९६७ साली निघाले, त्याची किंमत ४९५ डॉलर होती. दरम्यान १९५४ च्या सुमारास तेथील स्वॅन्सन कंपनीने गोठविलेले संपूर्ण जेवण ॲल्युमिनियमच्या ताटलीत घालून ९८ सेंटांना विकावयास आरंभ केला होता. आज तर पुणे जिल्ह्यातील भांडगावच्या टेस्टी बाइट या कारखान्यात शिजलेले पदार्थ अमेरिकेतील दुकानांत जातात आणि परदेशी शिकणारी आपली मुले ते विकत घेतात. गंगा उलटी वाहू लागली, ती अशी.

आता भयाचा विचार करू. आपल्यातील वडीलधारी मंडळी ज्याला भितात, ते बहुतेक भिण्यासारखे नसते, असे आमचे मत झाले आहे. मायक्रोवेव्हमुळे अन्न ‘किरणोत्सर्गी’ होते, ही समजूत निराधार आहे. त्या लहरी प्रकाशाच्या व रेडिओच्या कुळातल्या. क्ष-किरणांसारखी त्यांची जात नव्हे. त्या मुख्यतः अन्नातील पाण्याचे कण हलवितात व त्यातून उष्णता निर्माण होते. बटण बंद झाले की दिवा मालवल्यावर जसा प्रकाश उरत नाही, तशा त्याही उरत नाहीत. जीवनसत्त्वांची म्हणाल, तर भरपूर पाण्यात भाजी उकळून ते पाणी फेकून देण्याच्या आपल्या रीतीत क जीवनसत्त्वाचा जितका नाश होतो, तितका थोड्या पाण्यावर मायक्रोवेव्हमध्ये शिजविल्याने होत नाही.

दुसरे भय ‘टिकाऊ रसायनांचे’. फळीवर वर्षभर टिकणारे वरणाचे किंवा छोल्यांचे पाकीट टिकते ते औषध घातल्यामुळे नव्हे. पाकीट बंद करून ते आतील अन्नासह दाबाखाली सुमारे १२१ अंश सेल्सियसपर्यंत तापवितात; जंतू मरतात आणि पाकीट फोडीपर्यंत नवे आत शिरत नाहीत. बरणीला दादरा बांधणाऱ्या आमच्या आजीला हे तत्त्व समजावून सांगावे लागले नसते. तयार अन्न आपल्याला तरी कोठे अपरिचित होते? मेतकूट, सातूचे पीठ, भाजणी, सांडगे, कुरडया ही सारी अडीअडचणीची बेगमीच.

मग दोष कोठे आहे? आमच्या मते तो मिठात आहे.

आपल्याच ज्ञातीतील एका वयोवृद्ध गृहस्थांची हकीकत सांगतो. नाव सांगत नाही. पत्नी निवर्तल्यावर मुलांकडे परदेशी न जाता ते आपल्या जागेतच राहिले. आयुष्यभर चहाही स्वतः केलेला नव्हता. पाकिटांनी त्यांचा मान राखला. कोणाच्या डब्याची वाट पाहावयास नको, सुनेच्या रजेचा प्रश्न नको, शेजाऱ्यांचे उपकार नकोत. आम्ही त्यांच्या या स्वावलंबनाचे मनापासून कौतुक करीत असू. पुढे त्यांचा रक्तदाब वाढला, पायांवर सूज आली. डॉक्टरांनी मीठ कमी करावयास सांगितले, तेव्हा ते खरोखरच चकित झाले. म्हणाले, ‘माझ्या घरात मिठाची बरणीच नाही!’ आणि ते खरे होते. मीठ बरणीत नव्हते, पाकिटात होते.

जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढ माणसास दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ, म्हणजे २,००० मिलिग्रॅमपेक्षा कमी सोडियम, अशी मर्यादा घालून दिली आहे. पाकिटावरील पोषणमूल्यांच्या तक्त्यात ‘मीठ’ असा शब्द बहुधा आढळत नाही, ‘सोडियम’ आढळतो, आणि तोही १०० ग्रॅमांमागे. समजा, तेथे ४०० मिलिग्रॅम असे लिहिले आहे आणि पाकीट ३०० ग्रॅमांचे आहे. एकट्या माणसाने ते संपविले तर १,२०० मिलिग्रॅम सोडियम झाले. त्याला अडीचने गुणा म्हणजे मीठ निघते, बरोबर तीन ग्रॅम. दिवसाच्या मर्यादेतील निम्म्याहून अधिक भाग एका भाजीने खाल्ला. पोळी, पापड, लोणचे अजून ताटात यावयाचे आहेत. कित्येक पाकिटांवर टक्केवारी ‘एका वाढणीची’ म्हणून दिलेली असते आणि पाकिटात वाढण्या दोन धरलेल्या असतात. एकटा राहणारा वृद्ध मनुष्य अर्धे पाकीट झाकून ठेवीत नाही, हे कारखानदारास ठाऊक नसेल असे आम्हांस वाटत नाही. आमच्या आजीनेही लोणच्याचा हिशेब कधी केला नव्हता, हे कबूल. पण आमटीतले मीठ तिच्या हाती होते आणि आजोबांना दम लागू लागताच ते कमी होत असे.

सर्व पाकिटे सारखी नसतात, हेही सांगितले पाहिजे. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत केव्हिन हॉल यांनी केलेला व २०१९ साली प्रसिद्ध झालेला प्रयोग या बाबतीत उद्बोधक आहे. वीस माणसांना दोन आठवडे कारखानी, अतिप्रक्रिया केलेले अन्न आणि दोन आठवडे साधे अन्न दिले. दोन्ही ताटांत उष्मांक, साखर, स्निग्धांश, मीठ यांचे प्रमाण जुळते ठेवले होते आणि हवे तितके खाण्याची मुभा होती. कारखानी अन्नावर माणसे दिवसाला सुमारे ५०० उष्मांक अधिक खात आणि भराभर खात. तथापि, ज्या पाकिटावर डाळ, टोमॅटो, कांदा, तेल, मसाला एवढेच घटक लिहिले आहेत, त्याला त्याच तराजूत घालणे आम्हांस न्यायाचे वाटत नाही. घटकांची यादी वाचताना जी नावे आपल्या फडताळात सापडत नाहीत ती मोजावी. ती फार झाली की पाकीट परत फळीवर ठेवावे.

आता त्या पंगतीतील सवालाकडे वळू, कारण त्याला उत्तर दिल्याखेरीज हे भाषण अप्रामाणिक ठरेल. भारत सरकारच्या २०१९ च्या कालविनियोग पाहणीत असे आढळले की, विनावेतन घरकाम करणाऱ्या स्त्रियांची दिवसाची सरासरी २९९ मिनिटे त्यात जातात व पुरुषांची ९७. आणि मुळात असे काम करणारे पुरुषच शंभरांत सव्वीस. नोकरीवरून लोकलच्या गर्दीत उभी राहून आलेल्या सुनेने एखाद्या रात्री पाकीट उघडले, तर तिला बोल लावण्याचा अधिकार उरलेल्या चौऱ्याहत्तरांपैकी कोणास आहे? ताज्या अन्नाची थोरवी आम्हांस मान्य आहे. परंतु ती गाणाऱ्याने निदान कुकर लावावयास शिकावे. पत्नीच्या पश्चात पाकिटांवर विसंबणारे ते गृहस्थ आळशी नव्हते. त्यांना कोणी शिकविलेच नव्हते. आपल्या वसतिगृहातील मुलांना वरण, भात, एक भाजी करावयास शिकविण्याची सूचना आम्ही कार्यकारी मंडळापुढे ठेवली आहे. ती मंजूर झाली तर पहिल्या दिवशी कांदा चिरावयास आम्ही स्वतः येऊ.

आणखी एक विचार मनात येतो, तो ज्ञातीच्या सभेत बोलणे अवघड, तरी बोलतो. आमच्या आजोबांच्या पिढीने पाकीट पाहताच विचारले असते, ‘हे शिजविले कोणी?’ आज तो प्रश्न कोणी विचारीत नाही. तो गेला याचे आम्हांस समाधान आहे. परंतु त्याबरोबर ‘यात घातले काय?’ हाही प्रश्न आपण सोडून दिला, आणि तो मात्र टिकवावयास हवा होता. शिवाय दुकानाच्या फळीवर दाल मखनी आणि पालक पनीर जागोजागी दिसते. डाळिंब्यांची उसळ किंवा अळूची पातळ भाजी क्वचितच. ज्या घरात वारंवार पाकीट उघडते, तेथील मुलाला आपल्या पदार्थांची नावे ठाऊक राहतील, चव राहणार नाही.

वापराबद्दल दोन शब्द. चकचकीत धातूचा थर असलेले पाकीट मायक्रोवेव्हमध्ये तसेच ठेवू नये. आतील पदार्थ काचेच्या वा चिनीमातीच्या भांड्यात काढावा. त्या लहरी फार खोल जात नाहीत, म्हणून कडेला वाफा आणि मध्ये गार गोळा, असे होते. मध्येच एकदा ढवळावे आणि यंत्र थांबल्यावर मिनिटभर तसेच राहू द्यावे. फुगलेले किंवा गळके पाकीट चव पाहण्यासाठीही उघडू नये. शिजलेला भात बाहेर तासन्‌तास राहिला असेल तर तो ऊन करून खाऊ नये. एकट्या माणसाने रविवारी केलेली आमटी लहान डब्यांतून बर्फाच्या कप्प्यात ठेवावी. तेही तयार अन्नच, आणि त्यातले मीठ आपल्या हातचे.

सभागृहाच्या मागील बाजूस मेजावर आम्ही निरनिराळ्या पाकिटांची रिकामी वेष्टने मांडून ठेविली आहेत. त्यांवरील अक्षर फार बारीक असल्यामुळे शेजारी भिंग ठेविले आहे. चहाच्या सुट्टीत अवश्य पाहावे; भिंग तेवढे जागेवर राहू द्यावे, ही विनंती.