तेलाचे तूप का होते?



धुळे-जळगावकडे थंडी पडली की खोबरेलाची बाटली गोठते. करडईचे तेल मात्र पातळच राहते. दोन्ही तेलेच, मग हा फरक कशाने? मुले ज्या प्रकरणाला भितात, त्या रासायनिक बंध आणि रेणूंचे आकार या प्रकरणातच याचे उत्तर आहे.

आपल्या अमळनेरला १९४५ साली ‘वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स’ ही कंपनी निघाली. पुढे विप्रो म्हणून नावारूपाला आली ती हीच. ती वनस्पती तूप करी. तापलेल्या तेलात निकेलच्या सान्निध्यात हायड्रोजन वायू मिसळला की तेल घट्ट होते. का होते, ते पाहू.

कार्बनला चार हात असतात. चारही बंध एकेरी असले की इलेक्ट्रॉनांच्या चार जोड्या एकमेकींपासून शक्य तितक्या दूर सरकतात आणि कोन १०९.५ अंशांचा होतो. एक बंध दुहेरी असला तर दिशा तीनच उरतात. कोन सुमारे १२० अंश. शिवाय, एका खिळ्यावर फळी फिरते, दोन खिळे ठोकले की फिरत नाही; दुहेरी बंधाचेही तसेच. तेलातल्या ओलिक आम्लात १८ कार्बनांची साखळी असते. तिच्या मधोमध एक दुहेरी बंध असतो आणि तिथे ती वाकलेली असते.

आता पऱ्हाट्यांची मोळी आठवा. सरळ पऱ्हाट्या घट्ट बांधल्या जातात, वाकड्या बसत नाहीत. म्हणून ओलिक आम्ल सुमारे १३ अंश सेल्सिअसलाच वितळते. हायड्रोजन जोडून दुहेरी बंध गेला की साखळी सरळ होते. ते स्टिअरिक आम्ल. ते वितळायला सुमारे ६९ अंश लागतात. खोबरेलात अशा दुहेरी बंध नसलेल्या साखळ्याच फार, करडईत वाकलेल्या जास्त.

पण हायड्रोजन अपुरा पडला तर काही दुहेरी बंध तसेच राहतात, फक्त बाजू बदलतात, आणि साखळी जवळजवळ सरळ होते. अणू तेच, त्यांची संख्या तीच. तरी हे आम्ल सुमारे ४५ अंशांना वितळते. हेच ट्रान्स फॅट. ते हृदयाला घातक, म्हणून जानेवारी २०२२ पासून आपल्या देशात तेला-तुपात त्याची मर्यादा २ टक्के ठरली. आकार बदलला की गुण बदलतो, तो असा.

गुरुजींनो, चिखलाचे गोळे आणि काड्या घेऊन हे रेणू मुलांकडून करवून घ्या. आणि विद्यार्थ्यांनो, पाण्याचा कोन १०४.५ अंश एवढेच घोकू नका. आधी ऑक्सिजनभोवतीच्या जोड्या मोजा: दोन बंधांतल्या, दोन मोकळ्या. मोकळ्या जोड्या जास्त जागा अडवतात, म्हणून १०९.५चा कोन आवळला जातो. एवढे उमजले, तर प्रश्न कसाही फिरवून आला तरी तुम्ही अडणार नाही.