भटक्या कुत्र्यास घर देतांना

पावसाळ्याच्या आरंभीं गटाराच्या कांठीं कुडकुडणारें कुत्र्याचें पिल्लूं पाहून ज्याचें मन द्रवत नाहीं असा मनुष्य विरळा. कोणी त्यास उचलून घरीं आणतो, गोणपाटावर निजवितो, जखम धुतो, दूध पाजतो. येथवर भूतदयेचें काम सोपें आहे. तें एका क्षणाच्या कळवळ्यानें होऊन जातें. कसोटी लागते ती पुढें. घरांत जागा नसते, घरमालकाची संमति नसते, किंवा वृद्ध माणसांस दम्याचा विकार असतो. अशा वेळीं त्या जिवाला दुसरें घर पाहावें लागतें. तें कसें पाहावें, एवढाच आजच्या भाषणाचा विषय आहे.

महाभारतांतील महाप्रस्थानिक पर्वाची कथा श्रोत्यांस ठाऊक आहेच. इंद्राचा रथ समोर उभा असतां, बरोबर आलेल्या कुत्र्यास टाकून त्यांत बसण्याचें युधिष्ठिरानें नाकारलें. आश्रिताचा त्याग करून मिळणारा स्वर्ग त्यास नको होता. मग आश्रयास आलेलें कुत्रें दुसऱ्याच्या हवालीं करणें हाहि त्यागच नव्हे काय? याचें उत्तर देणाऱ्याच्या वागणुकींत आहे. नीट चौकशी करून, पुढेंहि खबर घेण्याचें पत्करून दिलें तर तें दान होय. ब्याद टळली म्हणून दिलें तर तो त्यागच. नांव मात्र निराळें.

कायद्यासहि हा भेद मान्य आहे. उपासमारीनें वा तहानेनें हाल होतील अशा स्थितींत जनावर सबळ कारणावांचून सोडून देणें, हा 1960 च्या प्राणिक्रूरता प्रतिबंधक कायद्यानें गुन्हा ठरविला आहे. सर्वोच्च न्यायालयानें 22 ऑगस्ट 2025 रोजीं दिल्ली व आसपासच्या भटक्या कुत्र्यांविषयीं जो आदेश दिला, त्यांत तीं दत्तक घेऊं इच्छिणाऱ्यांस अर्ज करण्याची मुभा ठेविली. परंतु घेतलेलें कुत्रें पुनः रस्त्यावर येणार नाहीं हें पाहण्याची जबाबदारीहि त्यांच्यावरच टाकली.

आपल्याकडे मुलीसाठीं स्थळ पाहतांना दहा ठिकाणीं विचारपूस करितात. मुक्या प्राण्यास स्वतःचें गाऱ्हाणें सांगतां येत नाहीं, म्हणून त्याच्यासाठीं निदान दहा प्रश्न तरी विचारावे. घरांतील सर्वांची संमति आहे काय? केवळ मुलाच्या हट्टासाठीं किंवा वाढदिवसाची भेट म्हणून नेलेलें कुत्रें चार महिन्यांत नकोसें होतें. दिवसा घरीं कोण असतें? मे महिन्यांत सर्व मंडळी गांवीं गेलीं तर त्याचें पाहणार कोण? दिवाळींत फटाक्यांच्या आवाजानें तें बिथरलें तर त्यास आंत घेतील काय? राखणीच्या नांवाखालीं रात्रंदिवस सांखळीनें बांधून ठेवणार असतील तर नम्रपणें नकार द्यावा. असा नकार देण्यांत उद्धटपणा नाहीं. शक्य असेल तर घर स्वतःच्या डोळ्यांनीं पाहावें.

देणाऱ्यानेंहि कांहीं लपवूं नये. तें चपला कुरतडतें, सायकलीच्या मागें धांवतें, खातांना जवळ गेल्यास गुरगुरतें, हें आधींच सांगावें. गुण फुगवून सांगितल्यानें कुत्रें एकदां खपतें, परंतु आठ दिवसांत परत येतें, आणि प्रत्येक खेपेस त्याचा माणसावरील विश्वास कमी होतो.

घेणाऱ्यांचा पहिला प्रश्न बहुधा ‘जात कोणती?’ हा असतो. गांवठी कुत्र्याचे आंखूड केंस आपल्या उष्ण हवेस सोयीचे असतात, आणि लोभ लावण्यांत तें कोणाहून कमी नसतें. दुसरें वाक्य असतें, ‘मादी नको’. यामुळें माद्या रस्त्यावरच राहतात, आणि सुमारें दोन महिन्यांच्या गर्भकाळानंतर पुनः तितकींच निराधार पिल्लें जन्मास येतात. शस्त्रक्रियेनें ही अडचण कायमची दूर होते. म्हणून मादी आहे एवढ्याच कारणावरून तिला नाकारणें योग्य नव्हे.

आरोग्याची बाजूहि तितकीच महत्त्वाची आहे. पिल्लूं शक्यतों आठ आठवड्यांपर्यंत आईपासून तोडूं नये. जंतांचें औषध देववावें. डिस्टेंपर व पार्व्हो या घातक रोगांविरुद्धच्या लसी पशुवैद्याच्या सल्ल्यानें वेळच्या वेळीं टोंचवाव्या. आणि तीन महिन्यांच्या सुमारास रेबीजची लस टोंचवून पुढें ती नियमानें चालू ठेवावी. रेबीजचीं लक्षणें एकदां दिसूं लागलीं कीं रोगी बहुधा वांचत नाहीं. म्हणून कुत्रें चावल्यास जखम साबणानें व वाहत्या पाण्यानें पंधरा मिनिटें धुऊन ताबडतोब दवाखान्यांत जावें. टोंचणीचा कागद कुत्र्याबरोबर नव्या घरीं द्यावा.

नव्या घरांतील पहिले दिवस अवघड जातात. तें कोपऱ्यांत बसेल, अन्नास तोंड लावणार नाहीं, रात्रीं विव्हळेल. त्याच्या जुन्या अंथरुणाचा तुकडा बरोबर दिल्यास ओळखीच्या वासानें त्यास धीर येतो. या काळांत दार उघडें राहूं देऊं नये आणि बाहेर नेतांना पट्टा सोडूं नये. जुन्या गल्लीच्या ओढीनें पळालेलीं कुत्रीं वाटेंतच हरवतात किंवा वाहनाखालीं सांपडतात. देणाऱ्यानें पहिल्या आठवड्यांत व पुनः महिन्याभरानें जाऊन यावें. ‘न जमल्यास रस्त्यावर सोडूं नका, परत आणून द्या,’ हें वचन त्यानें देतांनाच द्यावें आणि तें पाळावें.

पुष्कळ खटपट करूनहि घर मिळत नाहीं असेंहि घडतें. मोठ्या कुत्र्यांच्या बाबतींत तर तें नेहमींचेंच आहे. कुत्र्यांच्या प्रजनन नियंत्रणासाठीं केंद्र सरकारनें 2001 मध्यें व नंतर 2023 मध्यें केलेल्या नियमांचें सर्वसाधारण धोरण असें कीं, शस्त्रक्रिया व लस झालेलें कुत्रें त्याच्या मूळच्या जागीं सोडावें. गल्लींतील चार घरांनीं मिळून त्याच्या अन्नाची, पाण्याची व लसीची काळजी वाहिली, आणि शेजाऱ्यांस उपद्रव होणार नाहीं अशी जागा त्यासाठीं नेमिली, तर वाईट घरापेक्षां ही व्यवस्था पुष्कळ बरी.

अन्नाच्या एका तुकड्यानें कुत्रें माणसाचें होतें. त्यास करारपत्र लागत नाहीं. त्यानें विश्वास टाकल्यावर तो राखण्याचें काम माणसाकडे येतें. ज्यास स्वतः घर देतां येत नाहीं, त्यानें तें दुसऱ्याकडे शोधावें. परंतु शोधतांना घाई करूं नये आणि दिल्यावर पाठ फिरवूं नये.