पेढे वाटून थांबलेलं करिअर

आजचा भाग कोल्हापूरच्या खेळाडूवर आहे, पण कुस्तीवर नाही. पोहण्यावर आहे.

2008 चं बीजिंग ऑलिंपिक. 50, 100 आणि 200 मीटर फ्रीस्टाइलमध्ये भारताकडून उतरला आपला वीरधवल खाडे. वय फक्त 16. दोन वर्षांनी ग्वांगझूच्या आशियाई स्पर्धेत 50 मीटर बटरफ्लायमध्ये त्यानं कांस्य मिळवलं. त्याआधीचं भारताचं आशियाई जलतरण पदक 1986 चं, खजानसिंगचं. म्हणजे तब्बल 24 वर्षांनी!

मग राज्य सरकारनं त्याला तहसीलदार केलं. आता खरं सांगा, आपल्या कुठल्याही घरात पोरगा तहसीलदार झाला तर काय होईल? गल्लीभर पेढे! आणि त्यात चूक काहीच नाही. पोहण्यावर घर चालत नाही. पण तहसीलचं काम म्हणजे सकाळ-संध्याकाळ पाण्यात उतरायला वेळ मिळणं मुश्कील. ऐन भरातली वर्षं त्यातच गेली.

कोवळ्या वयात थांबलेल्या खेळाडूंचा विषय निघाला की जगाला 15 फेब्रुवारी 1961 आठवतो. अमेरिकेचा फिगर स्केटिंग संघ जागतिक स्पर्धेला निघाला होता. ब्रुसेल्सजवळ विमान कोसळलं आणि संघातले सगळे 18 स्केटर गेले. त्यांतली लॉरेन्स ओवेन 16 वर्षांची होती, नुकतीच राष्ट्रीय विजेती झालेली. तिथं कुणाच्या हातात काही नव्हतं. आपल्याकडं मात्र करिअर पेढे वाटून थांबतं, म्हणून ते थांबलंय हे कुणाला कळतही नाही.

वीरधवल परत आला. 2018, जकार्ता. 50 मीटर फ्रीस्टाइलच्या प्राथमिक फेरीत 22.43 सेकंद, नवा राष्ट्रीय विक्रम. आधीचा विक्रम कुणाचा? त्याचाच, 2009 चा. नऊ वर्षं देशात दुसऱ्या कुणाला तो मोडता आला नव्हता. फायनलला तो चौथा आला. कांस्य हुकलं 0.01 सेकंदानं. मी सॉफ्टवेअरवाला माणूस, दहा मिलिसेकंद उशीर झाला तर आम्ही लक्षही देत नाही. त्या वेगानं पाण्यात मोजलं तर तो फरक होतो साधारण सव्वादोन सेंटिमीटर. एक बोटभर!

मधली वर्षं पाण्यात गेली असती तर ते बोटभर अंतर भरून निघालं असतं का? सांगता येत नाही. पण प्रश्न टोचतो.

आपल्याच जिल्ह्यातल्या कांबळवाडीचा स्वप्निल कुसाळे रेल्वेत नोकरीला होता. नेमबाजी सुटली नाही, आणि 2024 ला पॅरिसमध्ये कांस्य आलं. म्हणजे नोकरी आणि खेळ एकत्र जमू शकतं. म्हणून माझं म्हणणं एवढंच, खेळाडूला पद जरूर द्या, पण खुर्चीवर बसवायची घाई करू नका. तिशीपर्यंत त्याची ड्युटी मैदानावर लावा.

तुमच्या ओळखीत असं कुणी असेल, तर आज त्याला एक फोन करा. भेटू पुढच्या भागात!