जळू : रक्ताची उघाडी

मांडवा ते अलिबाग या पट्ट्यातील खारभूमीत बांधाच्या उघाडीचे, म्हणजे पाणी सोडण्याच्या दाराचे, महत्त्व शेतकऱ्याला सांगावे लागत नाही. शेतात साचलेल्या पावसाच्या पाण्याला ओहोटीच्या वेळी उघाडीतून खाडीकडे वाट मिळाली नाही, तर भाताचे पीक त्या पाण्यातच कुजते. तुटलेले बोट किंवा कान पुन्हा जोडणाऱ्या शल्यचिकित्सकापुढे काहीसा असाच प्रश्न उभा राहतो, आणि त्यावरचा एक उपाय म्हणून जळू आधुनिक रुग्णालयात परतली आहे.

हृदयाकडून रक्त आणणाऱ्या रोहिण्यांच्या भिंती जाड असल्याने त्या सूक्ष्मदर्शकाखाली शिवता येतात. परंतु रक्त परत नेणाऱ्या नीला पातळ भिंतीच्या असतात, त्या सहज दबतात, आणि बोटाच्या टोकाशी तर त्या सापडणेही कठीण असते. परिणामी जोडलेल्या भागात रक्त शिरते पण बाहेर पडत नाही, तो भाग सुजून जांभळा पडतो आणि अखेरीस मरतो. अशा वेळी लावलेली जळू स्वतः 5 ते 15 मिलिलिटर रक्त शोषते. तथापि तिचा खरा उपयोग ती गळून पडल्यावर दिसतो, कारण तिच्या लाळेतील हिरुडिन, म्हणजे रक्त गोठवणाऱ्या थ्रॉम्बिनला निष्प्रभ करणारे प्रथिन, दंशाची जागा अनेक तास पाझरती ठेवते. नव्या सूक्ष्म नीला तयार होईपर्यंतचे काही दिवस अशा रीतीने निभावतात.

सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात जळवांवर स्वतंत्र अध्याय असून तेथे सहा सविष आणि सहा निर्विष असे बारा प्रकार सांगितले आहेत. मात्र तेथील हेतू दूषित रक्त काढण्याचा होता, तर आजचा हेतू साचलेल्या रक्ताला वाट देण्याचा आहे. जळवेच्या स्रावातील रक्त न गोठू देणारा गुण शास्त्रज्ञ हेक्राफ्ट यांनी 1884 मध्ये दाखवला, 1960 मध्ये आजच्या स्लोव्हेनियातील ल्युब्लियाना येथील शल्यचिकित्सकांनी त्वचारोपणात जळवांचा उपयोग नोंदवला, आणि 2004 मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने जळवांना वैद्यकीय साधन म्हणून परवानगी दिली.

या उपचारात धोकाही आहे. जळवेच्या आतड्यातील एरोमोनास जिवाणूंमुळे जखम चिघळू शकते, म्हणून प्रतिजैविके द्यावी लागतात. रक्तस्रावामुळे हिमोग्लोबिन वारंवार तपासावे लागते. आणि एका रुग्णाला लावलेली जळू दुसऱ्याला कधीही लावत नाहीत. त्यामुळे तळ्यातली जळू पकडून घरी उपचार करणे सर्वथा अयोग्य होय.

मात्र जळू उपयोगी पडते ती तुटलेला भाग पुन्हा जोडता आला तरच. म्हणून मासेमारी बोटीवरील दोरात किंवा यंत्रात सापडून हाताचे बोट तुटल्यास जखमेवर स्वच्छ कापड घट्ट दाबून धरावे. तुटलेला भाग ओलसर स्वच्छ कापडात गुंडाळून बंद प्लॅस्टिक पिशवीत घालावा, ती पिशवी बर्फाच्या पाण्यात ठेवावी, बर्फाचा त्या भागाला थेट स्पर्श होऊ देऊ नये, आणि सूक्ष्मशस्त्रक्रियेची सोय असलेले रुग्णालय विनाविलंब गाठावे.